फ्रेमबाहेरचे उतारू

दर वर्षी जुलै महिन्यात माझ्या रूममेटच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो येतो. काळं-पांढरं, भलंमोठं जहाज, दाट धूर, आणि एका ओळीत चार धुराडी. खाली मजकूर: ‘रामदास बोट, १७ जुलै १९४७. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. विसरू नका.’ शेवटी जोडलेले हात.

रूममेट अलिबागकडचा, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याचा. पुण्यात आम्ही एकाच कंपनीत कोड लिहितो. मला जुन्या प्रवासी जहाजांच्या फोटोंचं वेड आहे हे त्याला माहीत आहे, कारण रात्री दीड वाजता मी कुठल्या तरी १९३० सालच्या जहाजाचा फोटो झूम करून बसलेला असतो आणि उजेडाने त्याची झोप मोडते. म्हणून गेल्या जुलैत त्याने तो फोटो मला दाखवला.

मी हसलो. म्हटलं, ही रामदास असणं शक्यच नाही. चार धुराड्यांची प्रवासी जहाजं जगात सगळी मिळून चौदा बांधली गेली. टायटॅनिक त्यातलंच एक. ती सगळी अटलांटिक नाहीतर आफ्रिकेच्या मार्गावर चालण्यासाठी बांधलेली. रामदास ही चारशे टनांच्या घरातली किनाऱ्या-किनाऱ्याने जाणारी बोट, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी. तिच्यावर चार धुराडी ठेवली तर उतारूंना बसायला जागा उरणार नाही. मी लगेच रिव्हर्स इमेज सर्च मारला, आणि तो फोटो दुसऱ्याच जहाजाच्या नावाने सापडला.

मजकुरातही एक चूक होती. रामदास ही ‘क्वीन एलिझाबेथ’ बांधणाऱ्या कंपनीने बांधली, असं त्यात लिहिलं होतं. क्वीन एलिझाबेथ बांधलं जॉन ब्राउनने, क्लाइड नदीवर. रामदास १९३६ साली इंग्लंडात टाइन नदीकाठच्या स्वान हंटरच्या कारखान्यात बांधली गेली. टायटॅनिक बुडाल्यावर सुमारे सातशे माणसांना वाचवणारं ‘कार्पेथिया’ हे जहाजही त्याच कारखान्यातलं. म्हणजे उसनं मोठेपण घेण्याची गरजच नव्हती, खरी हकिकत त्याहून मोठी होती. हे सगळं मी एका दमात सांगितलं, बग सापडल्यावर सांगतात तसं.

रूममेटने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझ्या आजोबांचा मोठा भाऊ होता त्या बोटीवर. परळला गिरणीत होता, गटारीला घरी येत होता. त्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. तुझ्याकडे दुसरा फोटो आहे का?"

माझ्याकडे नव्हता. हा लेख त्या प्रश्नापासून सुरू झाला.

जाहिरातीचा कोन

आधी वेडाबद्दल. आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही. लहानपणी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे दिग्रसजवळचं अरुणावती धरण. खरा समुद्र मी एकविसाव्या वर्षी पाहिला, इंटरव्ह्यूसाठी मुंबईला गेलो तेव्हा. जहाज मात्र आधीपासून डोक्यात होतं, कारण जेम्स कॅमेरॉनचा १९९७ सालचा सिनेमा केबलवर दर सुट्टीत लागायचा. म्हणजे माझ्यासाठी जहाज ही आधी प्रतिमा होती, वस्तू नंतर. तुमच्यातल्या बहुतेकांचंही तसंच असेल.

जुन्या जहाजांचे फोटो शेकड्याने बघितले की एक गोष्ट लक्षात येते. बहुतेक फोटो एकाच कोनातून काढलेले असतात. कॅमेरा खाली, पाण्याच्या जवळ. जहाजाची नाळ आपल्याकडे थोडी वळलेली. मागे सगळी लांबी आणि वर धुराडी. हा कोन जहाज कंपन्यांच्या पोस्टरांनी आणि पोस्टकार्डांनी रुळवला. त्यात जहाज डोंगराएवढं दिसतं आणि माणसं असलीच तर कठड्याला लागलेले ठिपके.

धुराडीसुद्धा याच खेळातली. टायटॅनिकच्या चौथ्या धुराड्याला एकही बॉयलर जोडलेला नव्हता. स्वयंपाकघराचा धूर बाहेर टाकणं, हवा खेळती ठेवणं, एवढंच त्याचं काम. पण चार धुराडी म्हणजे वेग आणि ताकद, असं तेव्हाच्या उतारूंच्या मनात बसलं होतं. जहाज फोटोत कसं दिसेल याचा विचार ते पाण्यात उतरण्याआधीच झालेला होता.

आणि चुकीच्या फोटोंबद्दल फक्त आपल्या व्हॉट्सअ‍ॅपला हसायचं कारण नाही. टायटॅनिकचे म्हणून छापले जाणारे कितीतरी फोटो, विशेषतः आतल्या दालनांचे, मुळात ‘ऑलिंपिक’ या तिच्या थोरल्या बहिणीचे आहेत. ऑलिंपिक आधी तयार झालं, १९११ मध्ये पाण्यावर धावू लागलं, त्यामुळे त्याचे फोटो भरपूर निघाले. टायटॅनिकला फोटो काढून घ्यायला वेळच मिळाला नाही. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध जहाजाची ही गत, तर रेवसच्या बोटीचं काय.

जहाजवेड्यांच्या कॅप्शनसुद्धा वाचून बघा. नाव, टनभार, लांबी, बांधणीचं साल, कारखाना, मालक बदलले ती सालं, मोडीत निघालं ते साल. जहाजाची जन्मापासून मरणापर्यंतची पत्रिकाच. मला हे आवडतं, खोटं बोलणार नाही. पण त्या पत्रिकेत उतारूंचा रकाना नसतो. शंभर कॅप्शन वाचल्या तरी त्या जहाजातून कोण, कशासाठी, किती भाडं देऊन गेलं, हे बहुधा कळत नाही.

ज्या फोटोत जहाज दिसत नाही

जहाजावर काढलेला सगळ्यात गाजलेला फोटो या साच्यात बसत नाही. अमेरिकन फोटोग्राफर आल्फ्रेड स्टिगलिट्झचा ‘द स्टीअरेज’. जून १९०७. जहाज ‘कैझर विल्हेल्म दुसरा’, त्या चौदांपैकीच एक, चार धुराड्यांचं. स्टिगलिट्झ बायको-मुलीसह पहिल्या वर्गाने युरोपला निघाला होता. वरच्या डेकच्या टोकाशी येऊन त्याने खाली पाहिलं. खाली स्टीअरेज, म्हणजे सगळ्यात स्वस्त वर्ग. तो धावत केबिनमध्ये गेला, कॅमेरा घेऊन आला. एकच प्लेट शिल्लक होती. ती वापरली.

फोटो उघडून बघा, फोनवर लगेच मिळेल. मधोमध पांढरा लाकडी जिना-पूल फ्रेम कापत जातो. वर माणसांची एक रांग, त्यात गवती टोपी घातलेला एक जण खाली वाकून बघतोय. खाली डोक्यावरून शाली घेतलेल्या बायका, मुलं, वाळत घातलेले कपडे. आता या फोटोत काय नाही ते बघा. धुराडं एकही नाही. जहाजाचं नाव नाही. समुद्र नाही. आकाशसुद्धा नावापुरतंच. तरी आपण जहाजावर आहोत याबद्दल शंका राहत नाही, कारण दाटी आहे, वर-खाली आहे आणि मध्ये तो पूल आहे.

बरेच लोक हा फोटो अमेरिकेत नव्याने येणाऱ्या स्थलांतरितांचा समजतात. जहाज उलट दिशेने चाललं होतं. ही अमेरिकेतून युरोपला परतणारी माणसं होती. कुणाला प्रवेश नाकारलेला, कुणाचं तिथलं काम संपलेलं. कॅप्शन एवढी थोडकी की शंभर वर्षं लोक प्रवासाची दिशाच उलटी वाचत आले.

इथे मला स्टिगलिट्झशी भांडायचं आहे. हा फोटो कसा घडला, हे त्याने पुढे १९४२ मध्ये सविस्तर लिहिलं. पहिल्या वर्गातल्या लोकांचा त्याला कंटाळा आला होता, हे तो सांगतो. टोपीचा गोल, जिन्याची तिरपी रेघ, पांढरे पट्टे, हे आकार एकमेकांत कसे बसले, हे सांगतो. खालच्या माणसांबद्दल वाटलेली ओढही सांगतो. पण तो खाली उतरला नाही. शाल घेतलेल्या त्या बाईचं नाव, गाव, ती परत का चालली आहे, यातलं काहीच आपल्यापर्यंत पोचत नाही. तो पूल फ्रेममध्ये आहे, पण फोटोग्राफरने तो ओलांडला नाही. फोटो थोर आहे, यात मला शंका नाही. त्याचं थोरपण आणि त्याची मर्यादा एकाच जागी आहेत: तो वरून काढलेला आहे.

याच्या शेजारी मी फादर फ्रँक ब्राउनचे फोटो ठेवतो. आयर्लंडचा हा जेझुइट तेव्हा अजून शिकतच होता. काकांनी तिकीट भेट दिलं म्हणून एप्रिल १९१२ मध्ये साउदॅम्प्टनहून टायटॅनिकवर चढला. पुढे न्यूयॉर्कपर्यंतचं भाडं द्यायला एक अमेरिकन जोडपं तयार होतं. त्याने वरिष्ठांची परवानगी मागितली, ती सक्त शब्दांत नाकारली गेली, आणि ११ एप्रिलला तो क्वीन्सटाउनला उतरला. म्हणून तो वाचला आणि फोटोही वाचले. त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी एका पेटीत सुमारे ४२ हजार निगेटिव्ह सापडल्या.

त्यातला एक फोटो: डेकवर सहा वर्षांचा मुलगा भोवरा फिरवतोय, वडील बाजूला उभे आहेत. दुसरा: बिनतारी संदेशाची खोली, चुकून एकावर एक दोनदा उघडलेली, धूसर. तांत्रिकदृष्ट्या हा फोटो फसलेला आहे. पण टायटॅनिकच्या त्या खोलीचा ज्ञात फोटो हाच एक. भोवऱ्यावाल्या मुलाचं नाव आपल्याला माहीत आहे, तो त्या रात्री वाचला हेही माहीत आहे. अर्थात, त्याचं नाव कळलं कारण तो पहिल्या वर्गात होता. तरीही ब्राउनच्या फोटोंत मला जे मिळतं ते कंपनीच्या पोस्टरात मिळत नाही: कुणीतरी जहाजावर राहत होतं, याचा पुरावा.

आपल्याकडेही असे फोटो आहेत. २९ ऑगस्ट १९३१ ला गांधीजी गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून ‘राजपुताना’ जहाजाने निघाले. डेकवरचे त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. तिथे तर जहाज पूर्ण मागे पडतं, उतारूच सगळी फ्रेम भरतो. म्हणजे तसा फोटो काढणं शक्य होतं. फक्त तो कुणाचा काढायचा, हे ठरलेलं होतं.

रामदासचा खरा फोटो

आता रूममेटच्या प्रश्नाकडे येतो. १७ जुलै १९४७, अमावास्या. सकाळी आठच्या सुमारास रामदास भाऊच्या धक्क्यावरून सुटली. पाऊस, वारा. सुट्टीला घरी जाणारे चाकरमानी. अर्ध्या-पाऊण तासात, काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता. रेवसकडच्या कोळ्यांनी होड्या घालून काही जणांना वाचवलं. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. पुढे सगळा देश दुसऱ्याच बातम्यांत बुडाला.

टायटॅनिकच्या बिनतारी खोलीचा निदान एक धूसर फोटो आहे. रामदासवर ती खोलीच नव्हती, तर फोटो कशाचा काढणार?

कोकणातल्या बोटींचं हे सगळं जग असंच फोटोंवाचून गेलंय. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागायचीच नाही. दूर पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जायचे. वळकट्या, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, ओकाऱ्या, रडणारी पोरं. हे सगळं आपल्याला घरच्या गप्पांतून आणि पुस्तकांतून माहीत आहे. मराठीने ही बोट शब्दांत भरपूर जपली. डेकवर वळकटी पसरून बसलेल्या बाईकडे कॅमेरा क्वचितच वळला, कारण कॅमेरा असलेला माणूस डेकवर बसत नव्हता आणि डेकवर बसलेल्याकडे कॅमेरा नव्हता.

मग अशा घरात फोटोची जागा रिकामी राहते, आणि चार धुराड्यांचं परकं जहाज येऊन ती भरतं. मी ज्याला चूक म्हणून हसलो ती चूक आहेच. पण ती आळसातून आलेली नाही. आपला माणूस गेला ती बोट मोठी असली पाहिजे, असं घरच्यांना वाटतं. रामदास खरी किती लहान होती हे सांगितलं, तर मरण लहान झाल्यासारखं वाटत असेल. इंटरनेटवर मोठ्या मरणाचा फोटो शोधला की टायटॅनिकसारखंच काहीतरी मिळतं. दुःखालाही ओळखीचा कोन लागतो, आणि तो कोन कंपनीच्या पोस्टरातून आलेला असतो.

गंज आणि माप

जहाजांचे फोटो आजकाल सर्वांत जास्त निघतात ते ती मरताना. गुजरातेत भावनगरजवळ अलंगला १९८३ पासून भरतीच्या पाण्यावर जहाजं किनाऱ्यावर चढवतात आणि कापतात. ‘फ्रान्स’ नावाचं ३१६ मीटर लांबीचं जहाज, १९६० साली पाण्यात सोडलेलं, चाळीस वर्षांहून जास्त काळ जगातलं सगळ्यात लांब प्रवासी जहाज होतं. ते पुढे ‘नॉर्वे’ झालं आणि शेवटी ‘ब्लू लेडी’ या नावाने २००६ मध्ये अलंगला लागलं. त्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००७ मध्ये तोडायची परवानगी मिळाली. चिखलात रुतलेल्या त्या निळ्या जहाजाचे फोटो जगभरच्या शौकिनांनी हळहळत पाहिले. मीही पाहिले.

हळहळ जहाजासाठी होती. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून तिथे कापायला येणारी माणसं त्या फोटोंत असतात ती माप दाखवायला: बघा, माणूस एवढा आणि नाळ एवढी. एडवर्ड बर्टिन्स्कीने २००० साली चितगावला काढलेले जहाजतोडीचे फोटो फार देखणे आहेत, आणि त्यांत माणसाचं काम बऱ्याचदा एवढंच उरतं. त्याच किनाऱ्यावर १९८९ मध्ये गेलेल्या सेबास्तियाओ सालगादोने माणसं जवळून घेतली, पण त्याच्याकडे ती पुराणातल्या वीरांसारखी दिसतात. एकाकडे माणूस मोजपट्टी होतो, दुसऱ्याकडे पुतळा. जेवणाचा डबा उघडून बसलेला, कंटाळलेला, घरी किती पैसे पाठवायचे याचा हिशेब करणारा माणूस मला दोघांकडेही सापडत नाही.

चाळीस पिक्सेल

इतकं सगळं इतरांबद्दल बोललो. आता माझं.

आमचं जहाज म्हणजे शकुंतला. अडीच फुटी रुळांवरून यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर जाणारी गाडी. कापूस मुंबईला आणि तिथून जहाजाने मँचेस्टरला जावा, म्हणून ब्रिटिश कंपनीने टाकलेला मार्ग. तिचं वाफेचं इंजिनही १९२१ सालचं, मँचेस्टरलाच बनलेलं. १५ एप्रिल १९९४ ला ते काढून डिझेल लावलं. माझ्या जन्माच्या आधीच. दूरदूरचे रेल्वेवेडे तिचे फोटो काढायला यायचे. आता गाडी बंद आहे.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मला पहिला बरा कॅमेरावाला फोन मिळाला. गावी आलो की दारव्हा मोतीबाग स्टेशनवर जाऊन मी गाडीचे फोटो काढायचो. कोन तोच: खाली वाकून, इंजिन थोडं वळलेलं, मागे डबे. असे दोनशेच्या वर फोटो असतील. एकदा आजी सोबत होती. ती यवतमाळला दवाखान्यात जायला निघाली होती, मी सोडायला गेलो होतो. मी फोन वर केला आणि म्हटलं, "आजी, जराशी बाजूला सरक ना."

ती म्हणाली, "मी काय तुह्या गाडीच्या आड येऊन राह्यली काय रे?" आणि सरकली.

फोटो छान आला. इन्स्टाग्रामवर टाकला, अनोळखी माणसांचे लाइक आले. कॅप्शनमध्ये मी रुळांची रुंदी, कंपनीचं नाव आणि मार्गाची लांबी लिहिली होती. आजीने त्या गाडीने चाळीस वर्षं प्रवास केला होता: माहेरपण, बाळंतपणं, बाजार, दवाखाना. त्यातलं काही कॅप्शनमध्ये नाही. तो फोन पुढे बिघडला, मूळ फाइल गेली. आजीही गेली. उरला तो इन्स्टाग्रामवरचा, क्रॉप केलेला, १०८० पिक्सेल रुंदीचा. रूममेटशी बोलणं झाल्यावर त्या रात्री मी तो झूम केला. डाव्या कडेला हिरव्या लुगड्याची एक पट्टी आहे. मोजली. चाळीस पिक्सेल. माझ्या क्रॉपिंगमधून एवढीच सुटली होती.

स्टिगलिट्झ निदान खालच्या माणसांकडे वळला होता. मी तर माणूसच फ्रेमबाहेर काढला आणि त्याला कंपोझिशन म्हटलं.

यंदाच्या १७ जुलैला चार धुराडी पुन्हा आली. रूममेटने दुरुस्ती पाठवली नाही. त्याने चुलत आजोबांचं नाव लिहिलं, गाव, गिरणीतलं खातं, अंदाजे वय. सोबत फोटो जोडला नाही. सात ओळींचा साधा मेसेज. बराच वेळ फक्त अंगठे आले. मग रात्री त्याच्या आत्याने लिहिलं, की तो डावखुरा होता आणि डाव्या हाताने जेवतो म्हणून पणजी त्याला ओरडायची. हे रूममेटलाही माहीत नव्हतं.

मीही त्या जुन्या पोस्टची कॅप्शन बदलली. रुळांची रुंदी राहू दिली. खाली एक ओळ वाढवली: डाव्या कडेला हिरवं दिसतंय ते माझ्या आजीचं लुगडं, ती यवतमाळच्या दवाखान्यात निघाली होती आणि मी तिला बाजूला सरकवलं होतं.